पितरांची अदलाबदल

मागच्या वर्षी तोमोएने कुत्रा मागितला. ती तेव्हा सहा वर्षांची होती. आमचे हे, देवळाचे पुजारी, ओसरीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि विचारलं, "कुत्रा हवाय असं जी म्हणतेय, ती कोण?"

"मी," तोमोए म्हणाली.

"आणि ही 'मी' म्हणजे कोण?"

"जिला कुत्रा हवाय ती."

त्यावर हे तीन दिवस गप्प होते. कुत्रा काही आला नाही, पण तोमोएच्या डोक्यात एक पक्कं बसलं, की बाबांशी बोलायचं ते असं.

मी मासळीवाल्याची मुलगी. आमच्या घरी प्रश्नाला उत्तर असायचं. बांगडा ताजा आहे का? आहे. किंवा नाही, उद्या या. लग्न होऊन या डोंगरातल्या देवळात आले तेव्हा कळलं, की इथे प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरा प्रश्न मिळतो, आणि तो विचारणारा भांडी न घासता उठून जातो. तोमोएचा पहिला दात पडला तेव्हा ह्यांनी तिला विचारलं, "दात यायच्या आधी कुठे होता?" तिने शाळेच्या दंतवैद्यालाही तेच विचारलं. त्यांनी घरी चिठ्ठी पाठवली. तिने सूप सांडलं तर हे म्हणाले, "वाडगा रिकामा झाला, जमीन भरली, जगात कमी काहीच झालं नाही." बरोबर आहे. फडकं मारणारीला थोडं जास्त झालं, एवढंच.

पण हे माणूस वाईट नाहीत, हेही सांगून टाकते. मुलीशी बोलताना कधी आवाज चढला नाही. पहाटे ध्यानाला बसतात, वेळेवर उठतात. फक्त बोललेलं कुणीतरी खरंच मनावर घेईल, ही शंका त्यांना कधी शिवली नाही. गावातले लोक घेत नाहीत. प्रवचन ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन हद्दीच्या कुंपणावरून भांडतात. मुलगी मात्र घेते.

सप्टेंबरच्या एक तारखेला शाळा उघडली आणि तोमोए रडत घरी आली. वर्गात जागा बदलल्या होत्या. आमच्याकडे प्रत्येक सत्राला बाई डब्यात चिठ्ठ्या टाकतात, जो तो आपली काढतो, आणि ज्या बाकाचा नंबर येईल तिथे पुढचे चार महिने बसायचं. तोमोएची खिडकीजवळची जागा गेली, मैत्रीण गेली, आणि शेजारी खोडरबर खाणारा एक मुलगा आला.

"बाबा, माझी जागा गेली."

ह्यांनी तिला मांडीवर घेतलं. "जागा कुणाची नसते, तोमोए. आपण बसतो म्हणून ती आपली वाटते. आणि एकाच जागी हटून बसलं तर जन्मभर एकाच बाजूने डोंगर दिसतो. सरकलं की दुसरी बाजू दिसते."

"त्या बाजूला खोडरबर खातात."

"मग तेही बघ."

आठवड्याभरात खोडरबर खाणारा तिचा जिवलग झाला. त्याला कान हलवता येत होते. तोमोए एके दिवशी ओसरीवर येऊन म्हणाली, "बाबा, तुमचं खरं होतं." मुलीने असं म्हटल्यावर ह्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता काहीतरी होणार.

आमच्या देवळाची त्रेचाळीस घरं. मुख्य गाभाऱ्यामागे पितरांची खोली आहे. तिथे पाच फळ्यांवर प्रत्येक घराची, गेलेल्याचं नाव लिहिलेली, एक काळी लाखेची पाटी उभी असते. पहिल्या फळीवर सात, खालच्या चारांवर नऊ-नऊ. पहिली फळी मानाची. दुसऱ्या फळीवरच्यांना पहिलीचा राग आणि पाचवीवरच्यांना सगळ्यांचा. कोण कुठे याचा नकाशा कधीच कुणी काढला नव्हता, कारण सगळ्यांना माहीत होतं.

पितरांचा शरदातला आठवडा जवळ आला होता. मी खोलीत धूळ झटकत होते, तोमोए मदतीला होती. ती म्हणाली, "आई, हे लोक कधीपासून इथेच आहेत?"

"घरांच्या जागा शंभरेक वर्षांपासून त्याच."

"एकदाही जागा बदलली नाही?"

"नाही."

"शंभर वर्षं एकच डोंगर?" ती ह्यांच्याकडे गेली. हे बसून बुद्धाचं सूत्र उतरवून काढत होते. तिने काय विचारलं मला ऐकू आलं नाही, ह्यांचं उत्तर तेवढं ऐकू आलं. "हं."

आमच्या घरात "हं" म्हणजे परवानगी.

शनिवारी मी बाजारात गेले होते, हे घरोघरी पाठाला. तोमोएने टोफूवाल्याची जाहिरात कापून चिठ्ठ्या केल्या, भाताच्या पापड्यांच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या, आणि पितरांच्या जागा बदलल्या. नियमाप्रमाणे. गैरहजर मुलाची चिठ्ठी बाई काढतात. पितर गैरहजर, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या हिने काढल्या, डोळे मिटून, एकेकाची माफी मागून. वरच्या फळीला हात पुरत नाही म्हणून ह्यांच्या ध्यानाच्या चार गाद्या एकावर एक ठेवल्या. हे सगळं तिने नंतर सांगितलं, अभिमानाने. एकही पाटी पडली नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

पहिली आली टोफूवाल्या तोकुरांची सून. उदबत्ती लावायला आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"अहो वहिनी, आमच्या सासूबाई पहिल्या फळीवर कशा? मधोमध?"

मी जाऊन पाहिलं. खरंच मधोमध. तोकुरांचं घर पिढ्यानपिढ्या पाचव्या फळीवर.

"जिवंतपणी काय कमी डोक्यावर बसल्या होत्या," ती म्हणाली, पण तिने परत जाऊन तीनदा नमस्कार केला आणि घरी जाऊन सगळ्या आळीला सांगितलं. दुपारपर्यंत तोकुरांचे अकरा नातेवाईक येऊन गेले. त्यांतला एक तर बाहेरच्या जिल्ह्यातून आला होता आणि त्याला देऊळ कुठे आहे हेही आठवत नव्हतं.

मग आला केशकर्तनालयवाला उशिगोमे. त्याच्या पणजोबांची पाटी ओताकींच्या पणजोबांना चिकटून उभी होती. दोन्ही घरांचं शेताच्या पाण्यावरून नव्वद वर्षांचं भांडण. आता पाटाचं पाणीही राहिलेलं नाही, तिथे गाड्या लावायची जागा झाली आहे, पण भांडण जपून ठेवलेलं आहे. उशिगोमे म्हणाला, "मध्ये पडदा लावा." ओताकी म्हणाला, "लावा, पण पडद्याची जाडी त्याच्या जागेतून घ्या." हे म्हणाले, "पडदा कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं?" दोघंही ह्यांच्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता नव्वद वर्षांनी हे दोघे एका बाजूला होणार. शेवटी मी एक मिटलेला हातपंखा मधोमध उभा केला. दुसऱ्या दिवशी उशिगोमेची पाठ दुखायची थांबली. तो म्हणाला, पणजोबांना डाव्या बाजूला आधार मिळाला म्हणून. आणि पंख्याला हात लावायचा नाही अशी त्याने मला तंबी दिली.

"सगळं होतं तसं करून टाकू," मी ह्यांना म्हटलं. सभा बोलावली. पहिल्या फळीवर कोण होतं, असं विचारलं, तर अकरा घरांनी हात वर केले. जागा सात. तोकुरांनीही हात वर केला होता. मग होतं तसं करायचं की नाही यावर मतदान घेतलं. जे वर चढले होते ते नको म्हणाले, जे खाली उतरले होते ते हो म्हणाले. एकवीस विरुद्ध एकवीस.

"त्रेचाळीस घरं ना आपली?" कुणीतरी विचारलं.

त्रेचाळिसावं घर मुनेकातांचं. आणि मुनेकाता आजोबा त्या आठवड्यात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात होते.

मुनेकाता यासुजी, वय एक्याऐंशी, विश्वस्तांचे प्रमुख. देवळाचं छप्पर त्यांच्या वडिलांनी घातलं, हे ते प्रत्येक पावसाळ्यात सांगतात, आणि गळतं कुठे तेही सांगतात. गावातली एकोणीस घरं त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. कुणी भाऊबंद, कुणी सोयरे, कुणी त्यांच्या लाकडाच्या वखारीत कामाला होते. ते बुधवारी सकाळी परत आले, नवा डोळा घेऊन, आणि संध्याकाळी पितरांच्या खोलीत गेले. त्यांनी पाचही फळ्या पाहिल्या. मग परत पाहिल्या.

"सूनबाई," ते मला म्हणाले. सगळ्या देवळात ते मला सूनबाईच म्हणतात. "माझी बायको कुठे आहे?"

त्रेचाळीस पाट्यांपैकी बेचाळीसच फळ्यांवर होत्या. मी तोमोएला हाक मारली. तिने खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या कठड्यावर माझ्या सुया टोचायच्या उशीवर मुनेकातांची पाटी उभी होती, आणि तिला टेकून रंगीत खडूने लिहिलेला कागद: "वाट पाहत आहेत."

फुसाए आजी चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हा आजोबांनी दोघांची मिळून एकच पाटी करून घेतली, बरीच जण करतात तशी. गेलेल्याचं नाव सोनेरी, मागे राहिलेल्याचं लाल. त्याची वेळ आली की लालवर सोनं चढवायचं.

"आजोबा, तुमचं नाव लाल आहे," तोमोए म्हणाली. "म्हणजे तुम्ही हजर आहात. हजर असतो त्याची चिठ्ठी दुसऱ्याने काढायची नसते. ती फसवणूक होते."

आजोबांचा चेहरा नावापेक्षा लाल झाला. ते माझ्यामागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे वळले.

"गुरुजी, तुमच्या वडिलांना मी शब्द दिला होता की या देवळाला सांभाळीन. तुम्ही माझी बायको खिडकीत ठेवलीत. भाजीसारखी."

"आजोबा, पोर लहान आहे—" मी म्हटलं.

"पोराचं नाही बोलत. शिकवलं कुणी, ते बोलतोय." त्यांनी बाहीतून एक कागद काढला आणि परत आत ठेवला, फक्त दाखवण्यापुरता. त्यावर एकोणीस घरांचे, सहीच्या जागी मारलेले, लाल शिक्के होते. गावात उतरल्याउतरल्या कुणाकडून तरी जागा बदलल्याचं कळलं असणार, शिवाय शिक्के गोळा करायला त्यांना वेळ लागत नाही. "शनिवारी सगळे जमतात. सगळ्यांसमोर मुलीने सांगायचं की हे चूक होतं. आणि फुसाए पहिल्या फळीवर, मधोमध. नाहीतर आम्ही एकोणीस घरं निघालो. मग तुमचं मोठं देऊळ काय करायचं ते करेल."

मोठं देऊळ, म्हणजे आमच्या पंथाचं मुख्य देऊळ, काय करेल ते सगळ्यांना ठाऊक होतं. चोवीस घरांवर देऊळ चालत नाही. पलीकडच्या गावचं देऊळ तसंच बंद झालं, मूर्ती दुसरीकडे नेली, आणि पुजाऱ्याचं कुटुंब आता हमरस्त्यावरच्या दुकानात काम करतं. आमचं घर देवळाचं. देऊळ गेलं की स्वयंपाकघरही गेलं. मला घर जाईल याची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. त्या रागात मी ह्यांना म्हटलं, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान ऐकलं होतं, आता घरच्या घरी बघायला मिळालं. बघा आता तो डोंगर, दुसऱ्या बाजूने."

जेवणानंतर त्यांनी तोमोएला समोर बसवलं.

"शनिवारी तुला माफी मागायची आहे."

"न विचारता केलं त्याची?"

"त्याचीही. आणि जागा बदलल्या त्याची. सगळ्यांना आपापल्या जागा परत देऊ असं सांगायचं."

तोमोए त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे जागा असते, बाबा?"

मी भांडी घासत होते. मी नळ बंद केला. मला ह्यांचं उत्तर ऐकायचं होतं. पंधरा वर्षांत मला त्यांच्या एकाही उत्तराची एवढी गरज पडली नव्हती. नसते म्हणाले तर घर जातं. असते म्हणाले तर ही मुलगी आयुष्यात परत कधी त्यांचं काही मनावर घेणार नाही, आणि ते मला घराइतकंच लागलं. मी इतकी वर्षं त्यांची टिंगल केली होती, पण ती त्यांच्यावर विश्वास ठेवते याचा मला आधार होता, हे मला तेव्हा कळलं.

"झोप आता," हे म्हणाले.

तेवढंच. मी नळ परत सोडला, पूर्ण.

शनिवार उजाडला. पितरांच्या आठवड्याचा मधला दिवस, देवळाच्या मागे लाल लिली फुललेल्या, आणि त्रेचाळीस घरांतून दीडशे माणसं. एवढी माणसं आमच्याकडे अंत्यविधीलाही येत नाहीत. स्वयंपाकघरात बायका ओहागी वळत होत्या, भाताच्या गोळ्यावर गोड पुरण थापून. मी मध्येच हात धुऊन गाभाऱ्यात जाऊन उभी राहिले.

सूत्रपठण झालं. हे आपल्या उंच बैठकीवरून म्हणाले, "माझ्या मुलीला काही सांगायचं आहे."

तोमोए पुढे आली. तिने कमरेत वाकून नमस्कार केला. "न विचारता केलं, माझं चुकलं. माफ करा." लोकांनी माना हलवल्या. सगळं इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. तिने मागे ठेवलेला पापड्यांचा डबा उचलला. "पण मुनेकाता आजीची जागा मी बदललेली नाही. एक चिठ्ठी उरलीय. आजोबा, काढता का?"

"मी मेलेलो नाही!" आजोबा गरजले.

"म्हणूनच तर! मेलेल्यांच्या मी काढल्या."

मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं, मग दहा जण हसले. उशिगोमे म्हणाला, "काढा की आजोबा, एकच आहे, चुकायची भीती नाही." ओताकी म्हणाला, "त्याचं ऐकू नका," पण तोही हसत होता. आजोबा उठून उभे राहिले. त्यांना हसू सोसत नाही, हे गावाला माहीत आहे. मी पुढे झाले, पोरीला ओढून आणायला.

"हसा," आजोबा म्हणाले. आवाज मोठा होता, पण त्यात दरारा नव्हता, आणि तेच भलतं वाटलं. "हसा. पहिली फळी मला माझ्यासाठी हवीय असं वाटतं ना तुम्हाला? माझ्या घरात बारा माणसं होती. आई, बाप, भाऊ, वखारीतली पोरं. फुसाए वाढायची. छपन्न वर्षं. मी तिला बसून जेवताना पाहिलेलं नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवायची, हातात वाडगा धरून. मला कधी विचारावंसं वाटलं नाही. ती गेल्यावर जेवायला बसलो एकटा, तेव्हा लक्षात आलं की टेबलाशी तिची जागाच नव्हती. कुठे बसवू तिचा फोटो, म्हणून बघत होतो, आणि जागाच नव्हती. म्हणून तिला इथे पुढे बसवली. मधोमध. आता तिथेही नाही म्हणता."

कुणी हसलं नाही. तोमोएच्या हातातला डबा तसाच पुढे होता. तिला सगळं कळलं असेल असं मला वाटत नाही. पण तिचा चेहरा पडला होता, आणि तिने बाबांकडे पाहिलं.

हे बैठकीवरून उतरले. ती बैठक माझ्या सासऱ्यांची, तीन गाद्यांची, आणि विधी चालू असताना तिच्यावरून उतरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते आजोबांच्या शेजारी नुसत्या जमिनीवर बसले. आजोबा उभेच होते, त्यामुळे ह्यांना मान वर करून बोलावं लागलं.

"मी हिला सांगितलं की जागा कुणाची नसते," हे म्हणाले. "आणि मी स्वतः वडिलांच्या गादीवर बसून सांगितलं. परवा तिने मला विचारलं, जागा असते का. मला माहीत नाही, आजोबा. खरंच माहीत नाही. तोमोए, ऐकतेस ना? बाबाला माहीत नाही."

मी आजवर त्यांच्या तोंडून प्रश्न ऐकले होते, मौन ऐकलं होतं, हं ऐकलं होतं. हे पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा इतका राग आला होता गेले तीन दिवस, आणि तो कुठे गेला ते मला शोधूनही सापडेना.

तोमोए विचार करत होती. मग ती आजोबांना म्हणाली, "आजीला कुठे बसायला आवडायचं?"

एक्याऐंशी वर्षांचा माणूस, एकोणीस घरांचे शिक्के बाहीत घेऊन, त्याला ते सांगता येईना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही. शेवटी त्यांनी डब्यात हात घातला, फक्त काहीतरी करायचं म्हणून, असं मला वाटलं. चिठ्ठी उघडली, नव्या डोळ्याजवळ धरली.

"त्रेचाळीस."

त्रेचाळीस म्हणजे पाचवी फळी, अगदी शेवटची जागा. सगळ्यांना माहीत होती, नकाशा नसला तरी. डाव्या कोपऱ्यात, भिंतीलगत, स्वयंपाकघराच्या सरकत्या दाराशी. तिथे पुरणाचा वास येतो आणि भांड्यांचा आवाज. कुणी म्हणालं, "परत काढा, ही चालणार नाही." तोकुरांची सून म्हणाली, "आमच्या सासूबाई खाली येतील, त्यांची मधली घ्या," आणि ते ती मनापासून म्हणाली, याला मी साक्षी आहे.

आजोबांनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी पितरांच्या खोलीत जाऊन खिडकीतली पाटी स्वतः उचलली; आम्ही मागोमाग गेलो. वाकता येत नाही तरी गुडघे टेकले आणि कोपऱ्यात ती उभी केली. ते तिथेच थांबले. दारापलीकडे बायका काम करत होत्या. त्यांना इकडे काय चाललंय याचा पत्ता नव्हता. कुणीतरी काहीतरी चावट बोललं असावं, कारण सगळ्या एकदम हसल्या, आणि त्यातली एक खोकेपर्यंत हसली.

आजोबा दचकले. "इथून," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "दर सणाला मी पुढे बसायचो आणि इथून मागून ती हसायची. घरी कधी हसली नाही. मला वाटायचं, पुढे विधी चाललाय आणि ही हसते, लाज आणते."

ते उठले, ह्यांनी हात दिला. मग त्यांनी ते सरकतं दार ढकललं आणि स्वयंपाकघरात शिरले. बायका गप्प झाल्या. आमच्या देवळाच्या स्वयंपाकघरात विश्वस्तांच्या प्रमुखांनी पाऊल टाकल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. मी मागोमाग धावले, तोमोए माझ्या मागे.

"एक द्या," आजोबा म्हणाले.

बशी धुतलेली नव्हती एकही. मी धुवायला घेतली, तर त्यांनी बाहीतला एकोणीस शिक्क्यांचा कागद काढला, तळहातावर पसरला आणि पुढे केला. मी त्यावर ओहागी ठेवली. पुरणाचा ओलावा शिक्क्यांना लागून लाल रंग पसरला. त्यांनी ते पाहिलं. ओट्याशी, बायकांच्या रांगेत, ते खाऊ लागले.

मी भाज्या चिरायचं स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं. "बसा ना, आजोबा. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, चक्कर येईल."

त्यांनी मान हलवली.

"राहू दे, सूनबाई. पाय कधी दुखायला लागतात ते बघतो."